शनिवारची मोहीम: मॉडच्या आवृत्त्या, किल्ल्या आणि न सुटणारे ट्रिगर (आर्मा ३, इंदूर गट)

सुतळीबॉम्ब | रविवार, सकाळी १०:१२

येत्या शनिवारी आर्मा ३ या लष्करी खेळात 'मोहीम गराडू'. नकाशा अल्टिस, २२ जागा, सर्व्हर भाड्याचा, लिनक्सवर. काल जे जे बिघडलं ते इथे मांडतोय, म्हणजे सराफ्यात (रात्रीच्या खाऊबाजारात) उभं राहून परत तोच वाद नको.

१. नऊ वाजता सात जणांना सर्व्हरने बाहेर काढलं. सगळ्यांना एकच संदेश: अमुक फाइलवर या सर्व्हरला मान्य असलेल्या किल्लीची सही नाही. प्रीसेटची, म्हणजे मॉडच्या (खेळाला वरून जोडायच्या भागांच्या) यादीची, एचटीएमएल फाइल सगळ्यांकडे तीच होती.

२. तळावरच्या पेटीत २० ग्रेनेड ठेवले होते. मोहीम सुरू झाली तेव्हा ४६० निघाले. पुढे आणखी वाढत गेले.

३. गाव साफ झालं, तरी 'गाव ताब्यात घ्या' हे काम काही पूर्ण झालं नाही. ४० मिनिटं घराघरांत शोध.

४. शेवटच्या टप्प्यात सर्व्हरचा एफपीएस (सेकंदाला किती फेऱ्या) ११. शत्रू समोर उभा राहून गोळ्या खातो, आणि तीन सेकंदांनी पडतो.

कारणं हवी आहेत. 'सर्व्हर रीस्टार्ट कर' सोडून काहीही सांगा.

किल्लेदार | रविवार, सकाळी ११:४०

पहिल्याचं मी सांगतो. दोन आणि तीन ताईंच्या (नकाशेवाली) हद्दीत.

प्रीसेटमध्ये मॉडची नावं असतात, आवृत्ती नसते. तुमच्या मशीनवर स्टीम वर्कशॉपचे मॉड आपोआप नवे करतं. सर्व्हरवर ते काम कोणीतरी स्टीमसीएमडी (स्टीमचं आदेश लिहून चालवायचं साधन) चालवून करावं लागतं. त्यात सीबीए आणि एस हे दोन मॉड दर आवृत्तीला नवी किल्ली काढतात, बिकी (किल्लीची) फाइलच्या नावातच आवृत्तीचा आकडा असतो. मॉड शुक्रवारी नवा झाला, तुमच्याकडे उतरला, आणि सर्व्हरच्या 'कीज' फोल्डरात जुनीच किल्ली पडून. ज्यांचं स्टीम चालू होतं ते सात बाहेर. ज्यांनी आठवडाभर मशीनला हात लावला नाही ते आत. नियमाने वागणाराच दारात उभा, असा प्रकार.

सर्व्हरवर मॉड नवे करण्याचा क्रम, ज्याच्या हातात लॉगिन असेल त्याने हाच पाळावा:

सर्व्हर बंद करा. चालू सर्व्हरखालची पीबीओ फाइल (मॉड किंवा मोहिमेचं गाठोडं) बदलायची नाही. स्टीमसीएमडीत आधी फोल्डरचा पत्ता ('फोर्स इन्स्टॉल डिर'), त्यानंतर लॉगिन. ॲनॉनिमस लॉगिनने आर्माचे मॉड उतरत नाहीत. ज्या खात्यावर खेळ विकत घेतलेला आहे तेच खातं लागतं, आणि पहिल्या वेळी स्टीम गार्डचा कोड मागतो. समर्पित सर्व्हरचा क्रमांक २३३७८० आहे, पण मॉड उतरवताना खेळाचा क्रमांक द्यायचा: १०७४१०. सीबीए ४५०८१४९९७, एस ४६३९३९०५७. इथे सर्व्हरचा क्रमांक टाकला तर काही उतरत नाही, आणि माणूस तासभर पासवर्ड तपासत बसतो.

मोठ्या मॉडला मध्येच 'टाइमआउट' येतो. तोच आदेश परत द्या, उतरलेला भाग वाया जात नाही.

आपला सर्व्हर लिनक्सवर, म्हणून मॉडच्या फोल्डरांची आणि आतल्या सगळ्या फाइलींची नावं लहान रोमन अक्षरांत हवीत. विंडोजला फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. एक कॅपिटल अक्षर राहिलं की सर्व्हर मॉड न घेताच सुरू होतो, तक्रार फक्त आरपीटी लॉगमध्ये.

आता किल्ल्या. प्रत्येक मॉडच्या 'कीज' किंवा 'की' फोल्डरातली बिकी सर्व्हरच्या 'कीज'मध्ये टाका आणि त्याच मॉडची जुनी बिकी उडवा. हे कोणी करत नाही. आपल्याकडे एसच्या पाच किल्ल्या साठल्या होत्या. जुनी किल्ली राहिली की जुनी प्रत घेऊन येणाराही आत येतो, मग एकाला मलमपट्टीचा मेन्यू दिसतो, दुसऱ्याला नाही.

आवाजाचे मॉड, उदाहरणार्थ जेएसआरएस, सर्व्हरवर चढवायचे नाहीत. फक्त त्यांची किल्ली ठेवायची. ज्याला हवं तो वापरेल.

छप्पनभोगी | रविवार, दुपारी १२:०५

भिया, सही तपासायची 'व्हेरिफाय सिग्नेचर्स' सेटिंग शून्य करून टाका ना. कटकटच मिटली.

किल्लेदार | रविवार, दुपारी १२:२१

दारातला हवालदार काढला म्हणून घर नीट होत नाही. सही तपासणं बंद केलं की ते सात जण आत येतील, पण त्यांच्या मशीनवरचा एस आणि सर्व्हरवरचा एस वेगळाच राहील. शिवाय कोणीही कुठलीही पीबीओ घेऊन येईल. ती किंमत २ आहे, २च राहणार.

करायचं ते एवढंच: मी सर्व्हर शनिवारी संध्याकाळी ७ला नवा करतो. तुम्ही ७:३० नंतर स्टीम उघडा, डाउनलोड पूर्ण होऊ द्या, मग लाँचर. लाँचर आधीच उघडा असेल तर तो बंद करून परत उघडा. ७ नंतर एखाद्या मॉडने नवी आवृत्ती सोडली तर गटावर लिहीन.

वर्कशॉप जुनी आवृत्ती परत देत नाही, त्यामुळे 'मागच्या आठवड्याचीच ठेवू' हे स्टीमवर जमत नाही. आवृत्ती खरोखर गोठवायची तर आर्मा३सिंक हे जावावर चालणारं साधन आहे: आपल्या जागेवर मॉडचा साठा ठेवायचा, सगळे तिथूनच उतरवणार, कोणती आवृत्ती द्यायची ते आपण ठरवणार. त्याला साठ्याची जागा आणि महिन्याचं बँडविड्थ लागतं. २२ जणांसाठी मला ते जड वाटतं. दुसऱ्याचा मॉड आपल्या नावाने वर्कशॉपवर चढवणं हा मार्ग कोणी सुचवू नये. बऱ्याच मॉडचा परवाना त्याला मनाई करतो.

नकाशेवाली | रविवार, दुपारी ३:३०

पेटीचा हिशोब सोपा आहे. २० गुणिले २३.

एडनमध्ये (मोहीम बनवायच्या संपादकात) वस्तूच्या 'इनिट' चौकटीत लिहिलेली ओळ प्रत्येक मशीनवर चालते: २२ खेळाडू आणि एक सर्व्हर. त्या ओळीत 'ॲड आयटम कार्गो ग्लोबल' आहे. ग्लोबल म्हणजे एकाने चालवलं तरी सगळ्यांकडे परिणाम. २३ मशीन, प्रत्येकाने सगळ्यांसाठी २० टाकले: ४६०. आणि जो तुटून परत येतो त्याच्या मशीनवर ती चौकट पुन्हा चालते, आणखी २०. म्हणून पेटी वाढत राहिली.

उपाय दोन. एक, ओळीच्या आधी 'इफ इजसर्व्हर' ही अट. दोन, आणि मी हाच सांगेन, 'इनिट'मध्ये सामान लिहूच नका. पेटीवर राइट क्लिक, 'ॲट्रिब्यूट्स', तिथल्या सामानाच्या यादीत आकडे भरा. ते मोहिमेच्या फाइलीत एकदाच साठतं.

उलटी चूकही होते. 'ॲड ॲक्शन' स्थानिक आहे. ती सर्व्हरवरच्या फाइलीत लिहिली तर मेन्यू कोणालाच दिसत नाही, कारण सर्व्हरसमोर कोणी बसलेलं नसतं. ती 'इनिट प्लेयर लोकल' फाइलीत. लिहिण्याआधी एकच विचारायचं: ही ओळ कोणाच्या मशीनवर चालणार, आणि तिचा परिणाम कोणाकोणाला दिसणार?

आता ट्रिगर, म्हणजे अट पुरी झाली की उडणारं वर्तुळ. सुतळीबॉम्ब, तुझी अट होती 'ओपफोर (शत्रूची बाजू), नॉट प्रेझेंट'. म्हणजे वर्तुळात शत्रूचा एकही माणूस जिवंत नको. १८ जणांपैकी एक दुसऱ्या मजल्यावर उभा, त्याचा 'पाथ' बंद केलेला, त्यामुळे तो खाली येत नाही. किंवा एखादा खडकात रुतलाय. दिसत नाही, मरत नाही, आणि २२ माणसं त्याला शोधतात. ही अट कोणत्याच गावाला लावू नकोस.

त्याऐवजी: ॲक्टिव्हेशन 'ओपफोर', प्रकार 'प्रेझेंट', आणि अटीच्या चौकटीत 'काउंट धिसलिस्ट' चारपेक्षा कमी. तीन उरले तरी गाव आपलं. पण शत्रू नंतर स्क्रिप्टने उतरवणार असशील तर मोहीम सुरू होताच वर्तुळ रिकामं असतं आणि काम दुसऱ्या सेकंदाला पूर्ण होतं. म्हणून फौज उतरल्यावर एक चल (व्हेरिएबल) 'ट्रू' करायचा आणि अटीत तो जोडायचा.

'सर्व्हर ओन्ली' ची खूण कर. नाहीतर ट्रिगर २३ ठिकाणी तपासला जातो आणि उशिरा आलेल्याकडे परत उडतो. खूण केल्यावर मात्र ट्रिगरमधला 'हिंट' सर्व्हरच्याच पडद्यावर येतो, म्हणजे कोणालाच दिसत नाही. संदेश सगळ्यांना हवा तर 'रिमोट एक्झेक'. कामाची स्थिती बदलणारं 'टास्क सेट स्टेट' आपणहून सगळीकडे पोचतं, त्याला काही करावं लागत नाही.

सुतळीबॉम्ब | रविवार, दुपारी ४:०२

ताई, पेटी सुधारली. एक विचारायचं होतं: मोहीम सगळ्यांकडे उघडत नाही, 'काढून टाकलेल्या सामग्रीवर अवलंबून आहे' असं येतं. आपल्या यादीबाहेरचं मी काही वापरलेलं नाही.

नकाशेवाली | रविवार, दुपारी ४:१८

वापरलंयस. एडनमध्ये 'बायनराइझ'ची खूण काढ, मोहीम साठव, 'मिशन डॉट एसक्यूएम' नोटपॅडमध्ये उघड. वरच 'ॲडऑन्स'ची यादी दिसेल. त्यात अनोळखी नाव असेलच. बहुतेक वेळा एखादी खुर्ची, दिवा, भिंतीवरचा फलक. एका प्लास्टिकच्या खुर्चीसाठी २२ जणांना काही जीबीचा मॉड.

मोहीम बनवताना आपल्या यादीशिवाय दुसरा एकही मॉड चढवायचा नाही. 'फक्त बघायला' म्हणूनही नाही.

किल्लेदार | रविवार, दुपारी ४:२५

फाइल पाठवशील तेव्हा नावात मोकळी जागा ठेवू नकोस, आणि नकाशाचं नाव टिंबानंतर तसंच राहू दे. सर्व्हरच्या 'एमपीमिशन्स'मध्ये जाते.

आणि वजन बघ. ही पीबीओ प्रत्येक खेळाडूला आत येताना सर्व्हरकडून उतरवावी लागते. मागच्या मोहिमेत ११ एमबीचं गाणं होतं. सगळे लोडिंगच्या पट्टीकडे बघत बसले, आणि गाणं वाजलं तेव्हा कोणीतरी रेडिओवर बोलत होतं.

पोहे_रिस्पॉन | रविवार, रात्री ८:५०

एफपीएससाठी हेडलेस क्लायंट (खेळाडूशिवाय चालणारी खेळाची प्रत) लावा, विषय संपला. सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये 'हेडलेस क्लायंट्स' आणि 'लोकल क्लायंट' दोन्हींत १२७.०.०.१, एडनमध्ये आभासी हेडलेस युनिट ठेवायचं, आणि त्याच मशीनवर आर्माची दुसरी प्रत 'क्लायंट' पर्यायाने सुरू करायची. शत्रूचा मेंदू तिकडे जातो, सर्व्हर मोकळा होतो. एसमध्ये वाटप करणारा भाग आहेच, सेटिंगमध्ये चालू करा.

नकाशेवाली | रविवार, रात्री ९:१५

विषय संपत नाही. सुतळीबॉम्बच्या मोहिमेत मी मोजले: २६४ शत्रू, आणि एका वेळी खेळाडूंच्या समोर ३० पेक्षा जास्त कधीच नाहीत. बाकीचे २३० कुठेतरी डोंगरामागे उभे राहून सर्व्हरकडे पगार मागतायत. आधी ते कमी कर, मग हेडलेस.

समर्पित सर्व्हर आपणहून ५० एफपीएसवर थांबतो. ॲडमिनने चॅटमध्ये मॉनिटरचा आदेश दिला की दर काही सेकंदांनी आकडा दिसतो. ३० च्या वर असेल तर छेडू नका. २० च्या खाली गेला की शत्रू उशिरा वळतो, १५ च्या खाली सुतळीबॉम्बने लिहिलेलं ते चित्र. माझा नेम साधारण १२० जिवंत शत्रू, त्याच्या वर नाही.

'डायनॅमिक सिम्युलेशन' गटाच्या गुणधर्मांत असतं. चालू केलं की खेळाडू जवळ येईपर्यंत तो गट झोपून राहतो. गावातल्या पहारेकऱ्यांना लावा. ताफ्याला लावू नका. सहा किलोमीटरवरून निघणारा ट्रक झोपलेला असेल तर तो निघणारच नाही, आणि तुम्ही रस्त्याकडेला सुरुंग घेऊन तासभर बसाल.

पोहे_रिस्पॉन | रविवार, रात्री ९:३१

मान्य, पण १२० ला सुद्धा हेडलेसने फरक पडतो.

नकाशेवाली | रविवार, रात्री ९:४४

पडतो. मोहीम सुरू झाल्याबरोबर गट हलवू नका, एवढंच. सामान चढण्याआधी गट दुसऱ्या मशीनकडे गेला की शिपाई अंगावरच्या कपड्यांनिशी, कधी त्यांच्याशिवायही, बंदूक नसताना उभे दिसतात. वाटपाच्या सेटिंगमध्ये थोडा उशीर ठेवा, ३० सेकंद पुरतात.

आणि रिकामे गट पुसा. एका बाजूला २८८ गटांची मर्यादा आहे. माणसं मेली तरी गट उरतो. मर्यादा भरली की नवीन फौज उतरतच नाही, चूकही दिसत नाही.

झ्यूस (खेळ चालू असताना वरून फौज टाकणारा) चालवणाऱ्यासाठी: तुम्ही हाताने टाकलेला शत्रू सर्व्हरच्या नाही, तुमच्याच मशीनवर चालतो. वायफायवर बसून ६० शिपाई टाकले की तुमचा अडखळणारा इंटरनेट सगळ्यांना दिसतो. तुमच्या कॉलनीतली लाइट गेली तर ते सर्व्हरकडे जातात, पण तोवर पुतळे.

जेलरोड_जॅमर | सोमवार, सकाळी ९:०५

रेडिओबद्दल कोणीच लिहिलं नाही. टीएफएआर आणि एकर हे रेडिओचे दोन्ही मॉड एकत्र चढवू नका, दोघे टीमस्पीकमध्ये (बोलायच्या ॲपमध्ये) आपला प्लगइन घालतात. आपण एकर२ वर आहोत. खेळ आणि टीमस्पीक दोन्ही ॲडमिन म्हणून किंवा दोन्ही साधे, असंच उघडा. एक असा, एक तसा, की प्लगइन खेळाशी बोलत नाही.

आता खरी तक्रार मोहिमेतल्या नावांची. सुतळीबॉम्बने ठिकाणांना इंदूरच्या वस्त्यांची, टिळकनगर, सुदामानगर, राजेंद्रनगर, लोकमान्यनगर अशी नावं दिली. वाचायला गोड. पण बोलायचं बटण माणूस नेहमी अर्धा क्षण उशिरा दाबतो, पहिली अक्षरं कापली जातात, आणि रेडिओवर येतं '...नगरवर शत्रू'. कुठल्या? चारही टोकांना धावाधाव.

नावं अशी घ्या की शेवटही वेगळा राहील: राजवाडा, पलासिया, छप्पन (छप्पन दुकान, आपली खाऊगल्ली), भंवरकुआ. आणि ठिकाणाआधी एक बिनकामाचा शब्द बोलायची सवय लावा. 'ऐका, पलासिया, दोन गाड्या.' कापायचंच तर 'ऐका' कापलं जाईल.

छप्पनभोगी | सोमवार, सकाळी ९:२०

छप्पनवर हल्ला करायला मी जाणार नाही.

सुतळीबॉम्ब | सोमवार, दुपारी १:१०

😄 नावं बदलतो. ब्रीफिंग मराठीत टाकलंय, पण खेळात अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येतात.

नकाशेवाली | सोमवार, दुपारी १:४२

खेळाच्या फॉन्टात देवनागरी नाही. रोमन लिपीत मराठी लिहायची किंवा चित्र करायचं. मी चित्र करते: १०२४ बाय १०२४ वर ब्रीफिंग लिहायचं, अक्षर चांगलं मोठं, कारण छोट्या अक्षरात जोडाक्षरांचा चिखल होतो. मग आर्मा ३ टूल्समधून पीएए (खेळाचा चित्रप्रकार) करायचं आणि डायरीच्या नोंदीत 'इमेज' म्हणून बसवायचं. जेपीजीही चालतं. चित्राच्या दोन्ही बाजू २ च्या घातात हव्यात: ५१२, १०२४, २०४८. ९०० बाय ७०० टाकलं तर नीट दिसायची खात्री नाही.

डायरीच्या नोंदी उलट्या क्रमाने दिसतात, शेवटची टाकलेली सगळ्यात वर. म्हणून फाइलीत 'परिस्थिती' सगळ्यात शेवटी लिही.

लॉबीत गटांची नावंही लाव. गटातल्या पहिल्या माणसाच्या 'रोल डिस्क्रिप्शन'मध्ये भूमिकेनंतर ॲटचं चिन्ह आणि पुढे गटाचं नाव, हे सीबीएमुळे चालतं. 'अल्फा १-१' च्या जागी 'मराठा' दिसेल. आणि 'डिस्क्रिप्शन डॉट ईएक्सटी'त 'डिसेबल्ड एआय' १ कर, म्हणजे रिकाम्या जागांवर मठ्ठ शिपाई उभे राहत नाहीत.

पोहे_रिस्पॉन | सोमवार, रात्री १०:००

मधल्या वारी चाचणीसाठी घरीच सर्व्हर लावतोय. राउटरवर २३०२ ते २३०६ यूडीपी उघडलेत, तरी बाहेरून कोणालाच दिसत नाही.

किल्लेदार | सोमवार, रात्री १०:१४

राउटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) आयपी बघ. १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर तू इंटरनेट कंपनीच्या सामायिक नॅटमागे (अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता) आहेस. घरी कितीही पोर्ट उघड, बाहेरून रस्ताच नाही. स्थिर आयपी विकत घे किंवा चाचणी भाड्याच्या सर्व्हरवर दुसऱ्या पोर्टवर कर. दुसरी प्रत लावताना पोर्टमध्ये चांगलं अंतर ठेव, २३०२ आणि २४०२ असं. २३०३ देऊ नकोस, तो पहिल्या सर्व्हरची स्टीम चौकशी ऐकतो.

छप्पनभोगी | सोमवार, रात्री १०:३०

रिफॉर्जरवर (आर्माच्या नव्या खेळावर) का जात नाही? तिथे मॉड आपोआप उतरतात.

किल्लेदार | सोमवार, रात्री १०:३८

उतरतात, आणि सर्व्हरच्या जेसनमध्ये मॉडची आवृत्तीही बांधता येते. वर लिहिलेल्या अर्ध्या कटकटी तिथे नाहीत. पण आपल्या मोहिमा तिथे चालणार नाहीत, सगळं नव्याने बांधायचं. ताई तयार असतील तर बोलू.

नकाशेवाली | सोमवार, रात्री १०:४१

ताई तयार नाहीत.

सुतळीबॉम्ब | बुधवार, रात्री ११:२०

फाइल ठेवली आहे. शत्रू २६४ वरून ११० वर. गाव, पेटी, ब्रीफिंग सुधारलं. गाणं काढलं, पीबीओ ८०० केबी. तळापासून पहिल्या ठिकाणापर्यंत २.५ किलोमीटर चाल आहे. ठीक?

नकाशेवाली | बुधवार, रात्री ११:३६

सामानासह किलोमीटरला ६ ते ७ मिनिटं धर. म्हणजे १७ मिनिटं नुसती चाल, आणि पहिल्या मिनिटाला मेलेल्याला परत तेवढीच. तळ ९०० मीटरवर आण किंवा दोन ट्रक दे. ट्रक दिलेस तर पूल टाळ. शत्रूचा चालक पुलावर अडकतो आणि मागून येणारे तुमचे दोन्ही ट्रक त्याला जाऊन धडकतात.